जगबुडीच्या कथेत सांगणारा कोण उरतो?

पानगळ

मेरी शेलीची 'द लास्ट मॅन' परवा रात्री संपवली आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. म्हणून हा धागा.

कादंबरी १८२६ ची. साथीच्या रोगाने माणसं संपत जातात आणि शेवटी लायोनेल व्हर्नी हा एकटा उरतो. तो रोमला येतो. रिकाम्या शहरात हिंडताना एका घरात त्याला कोणा लेखकाची खोली सापडते. टेबलावर अर्धवट राहिलेलं हस्तलिखित आहे, इटालियन भाषेच्या बारकाव्यांवरचं. एका पानावर अर्पणपत्रिका सुरू करून सोडलेली आहे, येणाऱ्या पिढ्यांना उद्देशून. पिढ्या येणार नाहीत हे व्हर्नीला माहीत आहे. तरी त्या खोलीतून निघाल्यावर त्यालाही लिहावंसं वाटतं. तो आपलं पुस्तक मेलेल्यांना अर्पण करतो. मग सेंट पीटर्सच्या सगळ्यात उंच दगडावर २१०० हे साल कोरतो आणि होमर, शेक्सपिअर आणि एक कुत्रा घेऊन होडीतून निघतो.

इथे मी अडकले. तो गेला, वाचायला कोणी नाही, मग हे पुस्तक माझ्या हातात कसं? शेलीला ही अडचण आधीच दिसली होती. प्रस्तावनेत ती सांगते की १८१८ मध्ये नेपल्सजवळच्या गुहेत भविष्य सांगणाऱ्या सिबिलची लिहिलेली पानं सापडली, ती जुळवून हे पुस्तक तयार केलं. म्हणजे २१०० मध्ये लिहिलेली आठवण १८१८ मध्ये सापडते, कारण मुळात ते भाकीत होतं. पहिल्यांदा वाचताना मी ही प्रस्तावना चाळून पुढे गेले होते. आता वाटतं की कादंबरीचा सगळा तोल त्या चार-पाच पानांवर आहे.

आपल्याकडे महाभारताच्या वनपर्वात हीच गाठ वेगळ्या रीतीने सोडवली आहे. युधिष्ठिर मार्कंडेयाला प्रलयाबद्दल विचारतो, कारण तो पाहून मागे उरलेला तोच एक आहे. मार्कंडेय सांगतो की सगळीकडे पाणीच पाणी होतं, मी पोहून पोहून दमलो होतो. मग वडाच्या फांदीवर एक मूल दिसलं. ते म्हणालं, तू थकला आहेस, माझ्या आत ये आणि विसावा घे. तो मुलाच्या तोंडातून आत जातो तर आत नद्या, डोंगर, नगरं, सगळं जसंच्या तसं. शंभर वर्षं फिरूनही त्याला टोक लागत नाही.

एवढ्या भव्य प्रसंगात व्यासांनी 'दमलो होतो' हे ठेवलं, यासाठी मला त्यांना नमस्कार करावासा वाटतो.

तर प्रश्न हा : सगळं संपलं हे सांगायला कोणीतरी उरावं लागतं, आणि कोणी उरलं तर सगळं संपलेलं नसतं. तुम्ही वाचलेल्या-पाहिलेल्या कलाकृतींनी यातून काय वाट काढली?

शब्दवेडी

फार दिवसांनी असा धागा आला. वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहिते, माझ्याकडे याचं एक टोक आहे.

दीपस्तंभ

रे ब्रॅडबरीची १९५० ची कथा आहे, 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स'. तिने सांगणाऱ्या माणसाला सरळ बाजूलाच केलंय. कथेत एकही जिवंत माणूस नाही. एक स्वयंचलित घर आहे. ते सकाळी हाका मारून उठवतं, नाश्ता बनवतं, तारीख सांगतं, हवामान सांगतं. मूळ कथेत तारीख आहे ४ ऑगस्ट २०२६. घराची पश्चिमेकडची भिंत जळून काळी पडलेली, फक्त काही आकृत्यांपुरता रंग शाबूत : गवत कापणारा बाप, फुलं तोडायला वाकलेली आई, चेंडू वर फेकलेला मुलगा, हवेतला चेंडू आणि तो झेलायला हात वर केलेली मुलगी. स्फोट झाला त्या क्षणी ती चौघं जिथे होती तिथे भिंतीवर त्यांची सावली उरली.

मला कथेत सर्वात जास्त लागतं ते संध्याकाळचं. घर बाईंना विचारतं, आज कोणती कविता ऐकाल? उत्तर येत नाही. मग घर स्वतःच एक निवडून वाचतं, बाईंची आवडती. सारा टीसडेलची ती कविता पहिल्या महायुद्धाच्या काळातली आहे. माणसं नाहीशी झाली तर पाऊस, चिमण्या, वसंत यांतल्या कोणाला पत्ताही लागणार नाही, असं ती म्हणते. ऐकणारं कोणी नसताना घर ती वाचून दाखवतं. पानगळताई, इथे सांगणारा आहे आणि ऐकणारा गेलाय. तुमच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू.

'ऑन द बीच' या १९५९ च्या चित्रपटात तर सांगणारा आहे की नाही यावरच सगळा मधला भाग उभा आहे. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपलाय, ऑस्ट्रेलियात थोडी माणसं वाट बघताहेत. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून मॉर्सचे, म्हणजे टकटक करून पाठवायच्या सांकेतिक लिपीतले, तुटक संदेश येत राहतात. अर्थ लागत नाही, पण कोणीतरी आहे! पाणबुडी एवढा समुद्र ओलांडून जाते. संरक्षक पोशाख घालून एक जण खोलीत पोहोचतो. खिडकीच्या पडद्याच्या दोरीत शीतपेयाची बाटली अडकलेली, वारा आला की ती हलते आणि मॉर्सच्या खटक्यावर आपटते.

तो माणूस बाटली काढतो आणि खटका नीट दाबून जे दिसलं ते कळवतो. एवढ्या वेळात त्या यंत्रावरून गेलेला पहिला खरा संदेश तो.

धूमकेतू

चर्चा सुंदर आहे, पण माझा मुद्द्यालाच विरोध आहे. 'सांगणारा कोण' ही लेखकाची तांत्रिक अडचण झाली. तृतीयपुरुषी निवेदन घेतलं की ती सुटते. वाचकाला खरी ओढ असते 'का घडलं' आणि 'थांबवता आलं असतं का' याची.

जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' घ्या. मुंबईत बर्फ पडतो तिथून सुरुवात. पुढचं सगळं बळ कारणाच्या शोधात आहे. वैज्ञानिक आधीपासून सांगत होता, ऐकलं नाही, आता काय करता येईल? अशी कथा वाचून मी शाळेत असताना वातावरणशास्त्राची पुस्तकं शोधली होती. 'द रोड' मी दोनदा वाचली. २००६ ची कादंबरी, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्यात घड्याळं १:१७ ला थांबली, लांब प्रकाशाची चीर, मग काही दबके धक्के, एवढंच सांगितलंय. काय झालं ते शेवटपर्यंत कळत नाही. भाषा अप्रतिम, बापलेकाचं नातं आतून हलवतं, पण मला ते टाळणं वाटतं. जग संपवायचं आणि कारण सांगायचं नाही, हे वाचकावर अन्याय करणारं आहे.

१९९८ मध्ये पृथ्वीवर आदळणाऱ्या गोळ्यांचे दोन मोठे चित्रपट एकाच मोसमात आले, 'डीप इम्पॅक्ट' आणि 'आर्मगेडन'. विज्ञानाच्या चुका काढायला बसलं तर रात्र पुरणार नाही. पण त्या सगळ्या पिढीच्या मनात बसलं की यावर उपाय शोधता येतो. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस या लघुग्रहाच्या चंद्रावर मुद्दाम आदळवलं आणि त्याची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. मी ते थेट पाहिलं. पडद्यावर दगड मोठे मोठे होत गेले, शेवटचं चित्र अर्धवट आलं आणि पुढे काहीच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. जगाचा अंत टळण्याची ही माणसाने केलेली पहिली तालीम, आणि ती यशस्वी झाली.

पानगळ

धूमकेतू, तुम्ही विरोध म्हणून लिहिलंत, पण ते अर्धवट आलेलं शेवटचं चित्र वाचून मी थांबलेच. तो यानाचा शेवट होता आणि तो यानानेच सांगितला, जेवढा सांगता आला तेवढा.

'का' चं महत्त्व मला मान्य आहे. पण तृतीयपुरुषाने अडचण सुटते हे नाही पटत. 'मेलांकोलिया' (२०११) मध्ये दुसरा ग्रह येऊन आदळतो. दोघी बहिणी आणि एक मुलगा काठ्या तासून उभ्या केलेल्या उघड्या खोपटात हात धरून बसतात. आग येते, पडदा काळा होतो, मग आवाजही थांबतो. कॅमेरा दूर अवकाशात जाऊन सुरक्षितपणे बघत राहिला असता तर तो प्रसंग खोटा झाला असता. दिग्दर्शकाला तृतीयपुरुषालाही मारावं लागलं. आणि टक्कर त्याने सुरुवातीलाच दाखवून ठेवली आहे, शेलीने प्रस्तावनेत केलं तसंच.

विंगेतला

मी वाचणारा कमी, नाटकाच्या मागे राबणारा जास्त. धर्मवीर भारतींच्या 'अंधायुग'चे काही प्रयोग आम्ही केले, मी ध्वनी सांभाळायचो. नाटक १९५० च्या दशकातलं, फाळणी आणि महायुद्ध दोन्ही ताजी असतानाचं. महाभारत युद्धाचा अठरावा दिवस, संध्याकाळ. अश्वत्थामा ब्रह्मास्त्र सोडतो तेव्हा व्यास त्याला सांगतात की यापुढे शतकानुशतकं जमिनीतून काही उगवणार नाही, मुलं व्यंग घेऊन जन्मतील. हिरोशिमाचं नाव न घेता हिरोशिमा.

पण या धाग्यासाठी मला दोन प्रहरी सांगायचे आहेत. नाटकाच्या सुरुवातीला राजवाड्याच्या ओसाड दालनात दोघे पहारेकरी भाले घेऊन इकडून तिकडे फिरतात. ते म्हणतात, आम्ही थकलो आहोत, पण लढून नाही. ज्याचं रक्षण करायचं असं इथे काही नव्हतंच, त्याचा पहारा देऊन थकलो आहोत. मग आकाश झाकोळतं, गिधाडांचे थवे कुरुक्षेत्राकडे जातात आणि हे दोघे ढालींखाली वाकून बसतात.

आमच्या लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, पोकळ लाकडाच्या होत्या. दिग्दर्शकाला पावलांचा आवाज आधी खटकला, म्हणून तरट टाकून बघितलं. तालमीत तरट निघालं एक दिवस, आणि तो आवाज असा घुमला की कोणी काही बोललं नाही. ठक, ठक, वळण, ठक, ठक. तेव्हापासून मी तिथला संगीताचा तुकडाच काढून टाकला. गिधाडांसाठी जाड पत्र्याचा तक्ता हलवायचो. राजे गेले, वंश गेला, युग गेलं, आणि दोन पगारी माणसं त्याच पट्ट्यात फिरताहेत. शेवटच्या अंकातही ते येतात. राज्यकर्ते बदलले, यांची स्थिती तीच.

माझ्यापुरतं उत्तर हे : ज्यांचं जग कधी त्यांचं नव्हतंच, ते सांगायला उरतात.

मात्रा

विंगेतला, पावलांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी तबला शिकतो, अजून शिकतोच आहे.

ऑलिव्हिए मेसियाँ हा फ्रेंच रचनाकार दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. छावणीत त्याने 'काळाच्या अंतासाठी चौकडी' लिहिली. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो, कारण ती वाजवणारे तिथे होते. १५ जानेवारी १९४१ ला गोर्लिट्झच्या छावणीत कैदी आणि पहारेकऱ्यांसमोर ती पहिल्यांदा वाजली. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात एक देवदूत हात वर करून सांगतो की आता काळ उरणार नाही, त्याला ती अर्पण आहे.

मी पहिल्यांदा ऐकताना सवयीने मात्रा मोजायला लागलो. जमेना. सम येईल म्हणून हात उचलावा आणि ती तिथे नसावी. नंतर कळलं की तो मधेच अर्धी मात्रा वाढवतो, ठरावीक आवर्तन होऊच देत नाही. काळाचा अंत त्याने विषय म्हणून घेतला आणि वाजवण्यातही आणला.

पहिल्या भागात पियानो १७ लघुगुरूंची एक साखळी फिरवत राहतो आणि तिच्यावर २९ स्वरसमूहांची दुसरी साखळी. दोन्ही संख्या अविभाज्य. दोन्ही साखळ्या पुन्हा एकत्र सुरू व्हायच्या तर ४९३ मात्रास्थानं जावी लागतात, आणि भाग त्याच्या खूप आधी संपतो. म्हणजे जे ऐकू येतं तो न संपणाऱ्या गोष्टीचा एक तुकडा. आणि त्या १७ ची साखळी कुठून घेतली? शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तल्या १२० देशी तालांमधून! रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश, हे तीन जोडून. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिलेला ग्रंथ. तिथे मांडलेले ताल सातशे वर्षांनी एका कैद्याच्या कामी आले, तेही काळ थांबवायला. हे मला कळलं त्या दिवशी रियाज झाला नाही.

ओवीकर

'मात्रा' यांच्या प्रतिसादाला धरूनच. आपल्या भाषेत तालातली लय आणि विलीन होणं या अर्थाचा लय हे एकाच धातूचे. ली, म्हणजे चिकटणं, मिसळून जाणं. त्यातूनच प्रलय. आपण 'जगबुडी' म्हणतो तेव्हा पाणी दिसतं, 'प्रलय' म्हटलं की विरघळणं दिसतं. मीठ पाण्यात जातं तसं. त्यात मोडतोड नाही.

समर्थांनी दासबोधाच्या दहाव्या दशकात पाच प्रलय सांगितलेत. पिंडातले दोन, झोप आणि मरण. ब्रह्मांडातले दोन, ब्रह्मदेवाची झोप आणि त्याचं मरण. पाचवा विवेकाचा. म्हणजे रोज रात्री आपलं जग लयाला जातं आणि सकाळी ते सांगायला आपणच असतो! पानगळताई, तुमची गाठ समर्थांनी फार सहज सोडवली आहे. आणि तेराव्या दशकात तेच समर्थ कल्पांताचं वर्णन करतात, शंभर वर्षं पाऊस नाही, सृष्टी जळते, मग पाणी, मग एक तत्त्व दुसऱ्यात जिरत जातं. एकेक तत्त्व क्रमाने काढून घेतात, घाई नाही.

झोपेवरून ड्यूररचं एक चित्र आठवलं. १४९८ मध्ये त्याने महाविनाशाची पंधरा काष्ठचित्रं केली, त्यातले चार घोडेस्वार प्रसिद्ध आहेत. पण १५२५ मधला एक छोटा जलरंग पाहा. त्याला स्वप्न पडलं की आभाळातून पाण्याचे प्रचंड लोंढे कोसळताहेत. पहिला काही मैलांवर पडला, पण त्याचा आवाज आणि वारा एवढा की तो थरथरत जागा झाला. सकाळी उठून त्याने ते रंगवलं आणि खाली लिहून ठेवलं. निळसर करडे खांब आणि खाली एवढीएवढी झाडं. घोडेस्वारांत कारागिरी आहे. इथे हात थरथरलेला दिसतो.

शब्दवेडी

सांगितल्याप्रमाणे आले. माझं टोक हे : सांगणारा उरला, पण भाषाच उरली नाही तर?

बीबीसीचा 'थ्रेड्स' (१९८४) पाहिलाय का कोणी? शेफिल्डवर अणुबॉम्ब पडतो आणि चित्रपट तिथे न थांबता पुढची तेरा वर्षं दाखवतो. त्यानंतर जन्मलेली मुलं दोन-तीन शब्दांत बोलतात, क्रियापदं गळून गेलेली. स्फोटाच्या दृश्यांपेक्षा ते बोलणं मला जास्त दिवस ऐकू येत राहिलं.

आणि रसेल होबनची 'रिडली वॉकर', १९८०. विनाशानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी बारा वर्षांचा मुलगा आपली गोष्ट लिहितोय, त्याच्या काळात उरलेल्या इंग्रजीत. स्पेलिंगं झिजलेली, जुने शब्द चुकीच्या अर्थाने घट्ट बसलेले. त्यांच्या पुराणकथेत एक 'लखलखणारा छोटा माणूस' आहे, त्याचं नाव 'ॲडम'. पहिला माणूस आणि अणू, दोन्ही एकाच उच्चारात. त्याला दोन्हीकडून ओढून दोन तुकडे करतात आणि जग जळतं.

गेले काही महिने मी याचं पहिलं पान मराठीत आणायला बघतेय. कोणी सांगितलं नाही, छापणार कोणी नाही, मलाच करायचंय. आधी बोलीभाषा वापरून पाहिली आणि ते लगेच पुसलं. बोली ही मोडकी भाषा नसते, तिथे कोणाचं तरी घर असतं. मग झिजलेली प्रमाण मराठी करून पाहिली : जोडाक्षरं सुटी झालेली, सरकारी शब्दांचे अवशेष देवांच्या नावांसारखे उरलेले. 'महानगरपालिका'चं 'म्हानगर पालक' झालंय, आणि तो एक राक्षस आहे जो पाणी देतो.

'ॲडम'पाशी तीन आठवडे अडले. आणि मग एका दुपारी कपडे वाळत घालताना उत्तर आलं. आपला पहिला माणूस मनू. आणि अणू. 'अणूमनू'! 'लखाकता अणूमनू'. हातातला चिमटा पडला माझ्या.

धूमकेतू

शब्दवेडी, हे भन्नाट आहे. शिवाय मनू हाच प्रलयातून नाव, म्हणजे होडी, काढणारा. म्हणजे तुमच्या शब्दात ज्याने जग संपलं आणि जो त्यातून वाचला, दोघे एकत्र आले. मूळ इंग्रजीत हे नाही.

माझा 'का'चा हट्ट अजून आहे. पण 'थ्रेड्स' आजच बघतो.

शब्दवेडी

नाव काढणारा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. आता तो संदर्भ पहिल्याच पानात कसा आणायचा ते बघते.

दीपस्तंभ

मनूवरून, जयशंकर प्रसादांच्या 'कामायनी'ची (१९३६) सुरुवात. महाकाव्याचा नायक पहिल्याच ओळींत हिमालयाच्या शिखरावर बसून ओल्या डोळ्यांनी प्रलयाचं पाणी बघतोय. पहिला सर्गच 'चिंता'. बोलायला दुसरं माणूस नाही, म्हणून तो चिंतेशीच बोलतो.

पानगळ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. 'संगीतरत्नाकर' आणि मेसियाँ हे तर माझ्यासाठी नवंच. आज दिवसभर ती चौकडी लावली होती, चेलोचा संथ भाग तीनदा ऐकला.

मी एक राखून ठेवलं होतं. जुन्या नॉर्स काव्यातलं 'व्होलुस्पा'. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात ते आहे, रचना त्याहून जुनी. ओडिन देव एका भविष्यवेत्त्या स्त्रीला विचारतो आणि ती त्याला जगाची सुरुवात आणि शेवट सांगते. तो कसा मरणार हेही त्याच्या तोंडावर. लांडगा सुटतो, सूर्य काळा पडतो, जमीन समुद्रात बुडते. मग ती सांगते की जमीन पाण्यातून पुन्हा वर येते, हिरवी. वाचलेले देव जमतात, आणि गवतात त्यांना सोन्याच्या सोंगट्या सापडतात. जगाच्या सुरुवातीला देव ज्या खेळत होते त्याच. डाव मोडून गेला होता, सोंगट्या गवतात पडून होत्या.

या सोंगट्या कोणी उचलल्या, पुढे डाव मांडला का, ती सांगत नाही. नंतर एक ड्रॅगन उडत जातो, पंखांवर प्रेतं घेऊन, आणि शेवटच्या ओळीत ती म्हणते की आता ती खाली बुडेल. तिला कुठून उठवून आणलं होतं, किती वेळ ती बोलत होती, यातलं काही आपल्याला कळत नाही.

शब्दवेडी, पान जमलं की इथेच टाका. अणूमनूसाठी मी थांबले आहे.

विंगेतला

मीही. आणि ते मोठ्याने वाचायला कोणी हवं असेल तर सांगा. झिजलेली भाषा कागदावर डोळ्याला टोचेल, आवाजात कदाचित लगेच बसेल. पोकळ लेव्हल आहेच माझ्याकडे.

शब्दवेडी

नक्की. पहिली पाच वाक्यं आज रात्रीच पाठवते. 'म्हानगर पालक' कसा उच्चारायचा ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.